आवडता कंडक्टर कसा निवडावा, आणि रेडिओला पत्र कसं लिहावं

आमच्या चोपडा तालुक्यात शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रपाळीला असते. केळीच्या ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायचा, दोन तास जागं राहायचं, पुन्हा फिरवायचा. त्या दोन-दोन तासांत मी बीथोव्हेन, म्हणजे जुना जर्मन संगीतकार, ऐकायला शिकलो. बांधावरून जाणारे विचारतात, "काय ऐकी राह्यना भो?" कंडक्टरची नावं सांगितली तर घरची मंडळी विचारते, हा कुठल्या डेपोचा?

प्रश्न तसा रास्तच आहे. गवई गातो, तबलजी वाजवतो, आणि वाद्यवृंदाचा कंडक्टर एक स्वरही न काढता ऐंशी वादकांपुढे हात हलवतो. मग 'मला अमुक कंडक्टर आवडतो' म्हणताना नेमकं काय आवडलेलं असतं? ते कळण्याचा एकच रस्ता मला सापडला: तीच रचना, तोच तुकडा, निदान दोघांकडून ऐकायचा. एकाचंच ऐकून दिलेलं मत हे रचनेबद्दल असतं, त्याच्याबद्दल नाही.

आधी साधनाचं बघा. मध्यम लहरींवर, म्हणजे आपलं जळगाव केंद्र ९६३ किलोहर्ट्झवर लागतं तिथे, भजन, बातम्या, ख्याल छान ऐकू येतात. सिंफनीचं, म्हणजे वाद्यवृंदाच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचं, तसं नाही. तिच्यात कुजबुज आणि गडगडाट शेजारी शेजारी असतात, आणि कुजबुज खरखरीत बुडते. त्यात मोटार चालू असेल तर रेडिओ नुसता गुरगुरतो. म्हणून मोबाइल आणि इअरफोन. एकच कानात घाला, दुसरा पंपाच्या आवाजाकडे राहू द्या. मी दोन्ही घातले होते त्या रात्री पाइप निसटला आणि पाटभर पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं.

आता रचना. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या, पहिला भाग. घरात पेटी असेल तर पांढरी एकला सा धरून वाजवा: प प प, कोमल ग. मग म म म, रे. एवढ्यावर सात-आठ मिनिटांची इमारत उभी आहे. त्या 'ग'वर आणि 'रे'वर थांबे आहेत, आणि बीथोव्हेनने दुसरा थांबा पहिल्यापेक्षा लांब लिहिलाय. कंडक्टर तो फरक ठेवतो का बघा. पहिल्या दहा-बारा सेकंदांतच माणूस कळायला लागतो.

दुसरी गोष्ट लय. सिंफनी पहिल्यांदा वाजली व्हिएन्नात, २२ डिसेंबर १८०८ ला. लयीचे आकडे त्याने पुढे १८१७ मध्ये छापले, आणि या भागाला दिलेत मिनिटाला १०८ ठोके. मोबाइलवरच्या मेट्रोनोमला, म्हणजे ठोके देणाऱ्या अ‍ॅपला, १०८ लावा; तीन छोटे सूर एका ठोक्यात बसतात आणि चौथा पुढच्या ठोक्यावर पडतो. बहुतेक जण त्याहून सावकाश जातात. कार्लोस क्लायबर यांनी १९७४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण पळतं, पण धाप लागत नाही. ओटो क्लेम्पररचा हाच भाग आठ मिनिटांच्या पुढे जातो, भरल्या बैलगाडीसारखा. आमच्या भजनी मंडळातले मृदंगवाले आप्पा क्लेम्परर पक्षाचे. "लय वाढवणं सोपं असतं, धरून ठेवणं अवघड," म्हणतात. मी क्लायबरवाला. आमचं हे भांडण दोन वर्षं चालू आहे, आणि क्लेम्पररकडे आत वाजणारी लाकडी फुंकवाद्यं जास्त स्पष्ट येतात हे मी अजून त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही.

तिसरी जागा माझी लाडकी. पहिल्या खेपेला दुसऱ्या सुरावटीची ललकारी हॉर्न ही पितळी फुंकवाद्यं देतात. तीच ललकारी पुन्हा येते तेव्हा बीथोव्हेनने ती 'बसून' नावाच्या खर्जातल्या लाकडी फुंकवाद्याला दिली, कारण तेव्हाच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते आणि तो सूर बदलता येत नव्हता. नंतरच्या अनेक कंडक्टरांनी तिथेही हॉर्नच घातले: आज जमतं ना, मग कशाला अडायचं? जॉन इलियट गार्डिनरसारखे जुन्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवून घेणारे बसूनच ठेवतात. बसून तिथे जरा ओढग्रस्त वाटतो, मला ते आवडतं. तुम्हाला काय आवडतं ते त्या चार सेकंदांवरून ठरवा. त्याच्या थोडं आधी सगळं थांबून एकटा ओबो, सनईसारखं फुंकवाद्य, गातो, जवळजवळ आलापच. काही कंडक्टर त्याला श्वास घेऊ देतात, काही घाईत उरकतात.

हे सगळं परकं वाटत असेल तर आकाशवाणीची ती सकाळची धून आठवा. तिचे कर्ते मानले जाणारे वॉल्टर कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. म्हणजे हे संगीत आपल्या रेडिओच्या दारात केव्हाच येऊन बसलंय.

आता पत्र. एका वाहिनीवर सिंफनीचा पहिला भाग लावून मध्येच जाहिरात घातली आणि वाद्यवृंद कोण, कंडक्टर कोण, काहीच सांगितलं नाही. मी चिडून लिहिलं, "कार्यक्रम सुधारा." उत्तर नाही. पत्रात सुधारणार तरी काय, लिहिलंच नव्हतं. दुसऱ्यांदा तारीख लिहिली, वेळ लिहिली, कुठल्या मिनिटाला तोडलं ते लिहिलं, आणि मागणी एकच: रचना पूर्ण लावा, आधी आणि शेवटी कंडक्टरचं नाव सांगा. त्यांना सोपं जावं म्हणून तासाच्या आत बसणाऱ्या तीन रचनाही सुचवल्या. पाचवी अख्खी साधारण पस्तीस मिनिटांत होते. या दुसऱ्या पत्राची पोच आली. स्तुती असली तरी ती अशीच करा. 'फार सुंदर' लिहिलं की निवेदकाला बरं वाटतं, पण पुढच्या आठवड्यात काय लावायचं ते कळत नाही. आणि पत्रात कुणाला नालायक म्हणू नका, मी म्हणून पाहिलंय.

थेट कार्यक्रमापासून सुरुवात करायची असेल तर १ जानेवारी. व्हिएन्नात सव्वाअकराला नववर्षाची मैफल सुरू होते, आपल्याकडे पावणेचार वाजतात. ऑस्ट्रियाचा रेडिओ ती थेट देतो. कंडक्टर दरवर्षी बदलतो, म्हणजे तुलना आयतीच. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता तिथे १९९० पासून २०१५ पर्यंत पाच वेळा उभे राहिले. शेवटी 'मार्च', म्हणजे लष्करी चालीची धून, वाजते तेव्हा लोक टाळ्यांनी ठेका धरतात, आणि कंडक्टर वळून त्यांनाच हळू-जोरात करायला लावतो. आप्पा त्या दिवशी मृदंग घेऊनच येतात. पाण्याची पाळी दिवसाची आली तर मात्र मैफल बांधावर.