डेटाबेस सर्व्हर ‘चालतोय ना’ म्हणून सोडून देताय? या चुका टाळा

अंधेरी एमआयडीसी असो की मशीद बंदर, छोट्या ऑफिसांत व्हेंडर डेटाबेस बसवून जातो आणि जाताना बजावतो, ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ घोळ इथूनच सुरू होतो.

२५ जानेवारी २००३ ला ‘एसक्यूएल स्लॅमर’ हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधल्या त्रुटीतून घुसला आणि काही मिनिटांत जगभर पसरला. त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, जुलै २००२ मध्येच आला होता! अनेकांनी तो लावलाच नव्हता, एवढंच.

‘आमचा पासवर्ड भक्कम आहे’ हे उत्तरही पुरत नाही. २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या काही बिल्डमध्ये (तयार केलेल्या प्रतींमध्ये) पासवर्ड पडताळणीच सदोष निघाली. चुकीचा पासवर्डही साधारण २५६ प्रयत्नांत एकदा चालून जायचा. एवढे प्रयत्न करायला एखाद्या स्क्रिप्टला (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) कितीसा वेळ लागणार?

म्हणून आधी आवृत्ती तपासा. मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. तरी ‘जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही’ म्हणून ते कितीतरी ठिकाणी तसंच आहे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. तिच्या छोट्या अपडेटला डेटा हलवावा लागत नाही, बॅकअप घेऊन रविवारी अपडेट बसवला आणि रीस्टार्ट केलं की बहुतेक वेळा काम झालं.

दुसरी चूक पोर्टची, म्हणजे सर्व्हरकडे नेटवर्कवरून येण्याच्या क्रमांकित दाराची. शेठना ठाण्याच्या घरून स्टॉक बघायचा असतो, म्हणून राउटरवर मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट इंटरनेटला थेट उघडला जातो. त्याऐवजी व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) लावा. डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असेल तर मेख अशी, की पोर्ट पब्लिश म्हणजे बाहेर खुला केला की यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलचे नियम बाजूलाच राहतात. पोर्ट बंद आहे का, हे ऑफिसच्या वायफायवरून नव्हे, मोबाइल हॉटस्पॉटवरून तपासा.

ॲप्लिकेशनला रूट युझर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, देऊ नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

अनोळखी युझर दिसला, किंवा टेबलं गायब होऊन खंडणीची चिठ्ठी उरली, तर लगेच फॉरमॅट मारू नका, पुरावे जातात. नेटवर्क केबल काढा, लॉगची (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदींची) प्रत घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना तिला सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. पैसे पाठवायच्या आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर होतोय का, ते बघा.