जुन्या स्पोर्ट्‌स कारचे इंडिकेटर बंद पडले तर बिघाड कसा शोधावा

इंडिकेटर लागेनासे झाले की पहिला हात जातो फ्लॅशरकडे, म्हणजे दिवा लुकलुकवणाऱ्या छोट्या डबीकडे. नवा फ्लॅशर बसतो, तरी दिवा लुकलुकत नाही आणि मग सगळ्या वायरिंगवरचाच विश्वास उडतो. एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर यांसारख्या 1960–70च्या दशकांतल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये खरा दोष बहुधा जोडांमध्ये असतो. फ्यूजच्या पकडी, बल्बचे होल्डर, बुलेट कनेक्टर (वायरची टोकं रबरी नळीत जोडणारे जोड) आणि अर्थ (करंट बॉडीमार्गे परत जातो तो जोड) या चार ठिकाणी पितळेवर हिरवट थर चढतो आणि करंट अडतो. म्हणून सुटा भाग विकत घेण्याआधी मोजमाप करा, आणि तेही दिवा पेटलेला असताना. असं का, ते पुढे येईलच.

आधी करंटची वाट समजून घ्या

या गाड्यांत वायरचे रंग ठरलेले असतात, त्यामुळे काम सोपं होतं. इग्निशन स्विचमधून पांढरी वायर फ्यूज बॉक्सला येते. फ्यूजनंतर ती हिरवी होते आणि फ्लॅशरच्या ‘बी’ टर्मिनलला जाते. फ्लॅशरच्या ‘एल’ टर्मिनलवरून फिकट हिरव्या रंगाची, तपकिरी रेघ असलेली वायर स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचला पोचते. तिथून दोन फाटे फुटतात: हिरवी-लाल डाव्या बाजूला, हिरवी-पांढरी उजव्या बाजूला. दिव्यापासून काळी वायर बॉडीला, म्हणजे अर्थला. काही फ्लॅशरना ‘पी’ हे तिसरं टर्मिनल असतं, ते डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्यासाठी.

जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये करंटने तापून हलणारा धातूचा भाग असतो. एका बाजूचे 21 वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपिअर करंट घेतात, आणि फ्लॅशर तेवढ्याच करंटसाठी बनवलेला असतो. एक बल्ब उडाला किंवा वाटेत गंज असला की करंट घटतो, फ्लॅशर पुरेसा तापत नाही, आणि दिवा नुसता पेटून राहतो किंवा रेंगाळत लुकलुकतो. फ्लॅशर धडधाकट असतो, त्याला हवा तेवढा करंटच मिळत नसतो.

लागणारं सामान

12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली फूटभर वायर, तशीच एक तीन मीटरची, 21 वॉटचे एक-दोन चांगले बल्ब, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि थोडी पेट्रोलियम जेली. 1967पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तशी गाडी असेल तर पुढे सांगितलेल्या मापांत मल्टीमीटरच्या लाल-काळ्या प्रोबची अदलाबदल करा.

इग्निशन बराच वेळ चालू ठेवावं लागणार आहे. प्लॅटिनम पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू राहिलं तर कॉइल तापून खराब होऊ शकते. म्हणून कॉइलला इग्निशन स्विचकडून येणारी वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मगच कामाला लागा.

पायरी 1: लक्षण नीट बघा

दोन्ही बाजू बंद असतील तर दोष सामाईक वाटेवर आहे: फ्यूज, फ्लॅशर किंवा दांडीचा स्विच. त्याच वेळी ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा आणि वायपर तपासा. एमजीबीत हे सगळे त्याच हिरव्या वायरवर असतात. तेही बंद असतील तर थेट फ्यूज बॉक्सकडे जा.

एक बाजू चालते आणि दुसरी नाही, तर फ्लॅशर सोडून द्या. तो दोन्ही बाजूंना एकच असतो.

इंडिकेटर टाकल्यावर त्याच कोपऱ्यातला टेल लॅम्प मंद उजळतो किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर गोंधळतो, तर त्या दिव्याचा अर्थ गेला आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

गाडीला हॅझर्ड स्विच असेल तर तो लावून बघा. त्याला सहसा स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र फ्लॅशर असतो आणि तो दांडीच्या स्विचला वळसा घालून जातो. हॅझर्डवर चारही दिवे नीट लुकलुकले तर बल्ब, होल्डर आणि अर्थ बहुतांशी ठीक आहेत, असं समजा. उशिराच्या काही गाड्यांत मात्र इंडिकेटरचा पुरवठा हॅझर्ड स्विचमधूनच पुढे जातो. तिथे इंडिकेटर बंद पडले तर हॅझर्डचा स्विच दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. आतले संपर्क घासले जाऊन इंडिकेटर चालू झाले, तर दोष तिथेच सापडला.

पायरी 2: फ्यूज आणि त्याची पकड

काचेचा फ्यूज बाहेर काढून बघा. तार शाबूत दिसली तरी टोकाच्या टोपीखाली सांधा सुटलेला असू शकतो, म्हणून मल्टीमीटरने तपासा. पितळी पकडी पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि सैल असतील तर हलक्या हाताने आत दाबा. एक गोष्ट लक्षात ठेवा: ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर लिहिलेले 35 अँपिअर म्हणजे तो उडण्याचा आकडा. सतत वाहण्यासाठी तो साधारण 17 अँपिअरचा असतो. त्या जागी आधुनिक पद्धतीचा 35 अँपिअरचा फ्यूज घातला तर फ्यूजआधी वायर जळेल.

पायरी 3: फ्लॅशर बाजूला ठेवा

फ्लॅशरच्या दोन्ही वायर काढून (‘बी’ आणि ‘एल’च्या) छोट्या क्लिपच्या वायरने त्या एकमेकींना जोडा; हा झाला फ्लॅशरचा पूल. इग्निशन चालू करून दांडी डावीकडे, मग उजवीकडे वळवा. दोन्ही बाजूंचे दिवे लख्ख पेटून राहिले तर फ्लॅशर खराब किंवा त्याची टर्मिनल सैल. एकही पेटला नाही तर हिरव्या वायरला करंट येतो का, ते टेस्ट लॅम्पने बघा. करंट असेल तर दोष दांडीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर फिकट हिरवी-तपकिरी वायर हिरव्या-लाल वायरला तात्पुरती जोडा. डावे दिवे पेटले की स्विच दोषी ठरला.

स्विच उघडण्याआधी बॅटरीची वायर काढा. आत छोटी स्प्रिंग आणि गोळी असते, ती उडून हरवते, तेव्हा कापडावर ठेवूनच उघडा. बहुतेक वेळा जुनं ग्रीस कडक होऊन संपर्कावर बसलेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवून दांडी वीसेक वेळा इकडेतिकडे फिरवली की तो पुन्हा चालू होतो.

पायरी 4: दिवा पेटलेला असताना मोजा

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच. बल्ब काढून रिकाम्या होल्डरला मल्टीमीटर लावला तर गंजलेल्या जोडातूनही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. दिवे पेटले की चित्र बदलतं. सामाईक वाटेवर अर्धा ओहम अडथळा असला, तर दोन बल्ब पेटल्यावर तोच दीडेक व्होल्ट खाऊन टाकतो.

फ्लॅशरचा पूल तसाच ठेवा, एका बाजूचे दिवे पेटवा. काळा प्रोब बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा (लांब वायर इथे कामी येते) आणि लाल प्रोबने क्रमाने मापं घ्या: बॅटरी, फ्यूजची अलीकडची पकड, पलीकडची पकड, फ्लॅशरची हिरवी वायर, स्विचनंतरची वायर, बुलेट कनेक्टरच्या दोन्ही बाजू, होल्डरचा मधला संपर्क. आकडा जिथे एकदम पडतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये आहे. जुन्या वायरिंगमध्ये अख्ख्या वाटेवर मिळून एखाद्या व्होल्टची घट चालते. एकाच जोडावर अर्धा व्होल्ट जात असेल, तर तो जोड उघडा.

नंतर लाल प्रोब होल्डरच्या बाहेरच्या धातूला लावा. इथे 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला की अर्थ खराब. खात्रीसाठी लांब वायरने होल्डर थेट बॅटरीच्या अर्थला जोडा. दिवा उजळला की काळी वायर जिथे बॉडीला बसते तो स्क्रू काढा, खालचा रंग आणि गंज घासून पत्रा उघडा करा, घट्ट बसवा, वरून जेली लावा.

होल्डरच्या आत मधला संपर्क स्प्रिंगवर असतो. गंजाने स्प्रिंग अडकली की तो बल्बला टेकतच नाही. बोटाने दाबून बघा, मागे उसळला पाहिजे. बुलेट कनेक्टर रबरी नळीतून खेचून बाहेर काढा. टोक काळं किंवा हिरवं असेल तर घासा, सैल असेल तर नळी बदला.

फ्यूज वारंवार उडत असेल तर

एकाच बाजूला दांडी वळवल्यावर फ्यूज उडतो, म्हणजे त्या बाजूची वायर कुठेतरी पत्र्याला टेकते आहे. त्या बाजूचे दोन्ही बल्ब काढा, हीटर आणि वायपर बंद ठेवा, फ्लॅशरचा पूल लावा आणि फ्यूजच्या जागी 21 वॉटचा बल्ब जोडा. दांडी वळवल्यावर तो भगभगून पेटला तर शॉर्ट आहे. आता वायर एकेका ठिकाणी हलवत जा: स्टिअरिंग कॉलमजवळ, रबरी ग्रोमेट नसलेल्या भोकांपाशी, होल्डरच्या मागे. बल्ब मंदावला की जागा सापडली.

एलईडी बसवायचे असतील तर

एलईडी फारच कमी करंट घेतो, त्यामुळे तापणारा फ्लॅशर त्याच्यावर चालत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. त्याला बऱ्याचदा वेगळी अर्थची वायर द्यावी लागते आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत त्याच जोडणीसाठी बनवलेलाच फ्लॅशर आणि तसेच एलईडी घ्यावे लागतात. वायरिंगमधला गंज मात्र आधी काढा. एलईडी कमी करंटवर चालत असल्याने तो दोष झाकला जातो आणि पुढे ब्रेक लाइटवर दिसतो.

सगळं परत बसवून, कॉइलची वायर जोडून इंजिन चालू करा. हेडलाइट लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि गाडीच्या मागे उभं राहून दोन्ही बाजूंचे इंडिकेटर मोजा: मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवेत, आणि ब्रेक दाबल्या-सोडल्यावर त्यांची लय बदलता कामा नये.