चिडलेल्या तरुणांसाठी जाहिरातपट करताय? या चुका टाळा

'आजच्या निराश तरुणाला प्रेरणा द्यायची आहे.' क्लायंटच्या ब्रीफमधलं, म्हणजे जाहिरात कशी हवी ते सांगणाऱ्या कागदावरचं, हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते दिसलं की पहिला प्रश्न तोच विचारते: निराश कशाने? बहुतेक वेळा उत्तर तयार नसतं. परीक्षेची वाट बघत वय निघून चाललेला मुलगा आणि इंजिनिअर होऊन डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतलेला मुलगा, दोघांचा राग एक नाही. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची मुलं पुण्यात नवी पेठेतल्या शास्त्री रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांचं म्हणणं एका ओळीत मावत होतं: तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलू नका. तुमच्या फिल्मसाठी अशी एक ओळ कागदावर उतरत नसेल, तर शूटच्या तारखा घेऊ नका.

ही ओळ नसली की काय होतं, ते पेप्सीने २०१७ साली अमेरिकेत दाखवलं. रस्त्यावर मोर्चा, मॉडेल केंडल जेनर पोलिसाला पेप्सीचा कॅन देते, सगळे जल्लोष करतात. मोर्चातले फलक नीट बघा. 'चर्चेत सामील व्हा' अशा अर्थाचे शब्द, शांततेची चिन्हं. मागणी एकही नाही. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध लोक खरोखर रस्त्यावर उतरत होते, त्यांना हे बघून काय वाटलं असेल? दुसऱ्याच दिवशी कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि माफी मागितली.

आपल्याकडची टाटा टीची 'जागो रे' जाहिरात मला अजून आवडते, कारण तिच्यातला तरुण रडत नाही, प्रश्न विचारतो. मत मागायला आलेल्या उमेदवाराची तो नोकरीच्या मुलाखतीसारखी मुलाखत घेतो: शिक्षण काय, अनुभव काय? पुढे २००८ मध्ये जनाग्रह या संस्थेबरोबर मतदार नोंदणीची मोहीम झाली. म्हणजे फिल्म बघून पेटलेल्या मुलाला लगेच करण्यासारखं काहीतरी हातात होतं. 'बदल घडवा' म्हणून सोडून देऊ नका. कुठे आणि कसा, तेही सांगा.

कास्टिंगमध्ये मी स्वतः मोठी चूक करत होते. एका ऑडिशनला खरोखरच स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा आला होता. त्याला म्हटलं, "हताश दिस." त्याने मान खाली घातली, डोकं धरलं, सगळं खोटं. मग विचारलं, "घरून फोन आला की काय सांगतोस?" तो म्हणाला, "चांगला गेला पेपर, म्हणतो." आणि अंगठ्याने मोबाइलची काच पुसत बसला. बराच वेळ. आम्ही तेवढंच ठेवलं. अभिनेत्याला भावना सांगू नका, प्रसंग द्या.

सेटचंही तसंच. अभ्यासिका म्हणून नवीकोरी टेबलं आणि कॉफीचे मग मांडू नका. पेठेत जाऊन रेकी करा, म्हणजे खऱ्या जागा बघून या: खुर्चीवर घरून आणलेली उशी, पाण्याची बाटली, कप्प्यात चिकटवलेलं वेळापत्रक. आणि हिंदीत शूट करून मराठी डब करायचं असेल तर संवाद मराठीत नव्याने लिहून घ्या. 'चला, उठूया, घडवूया' असं घरात कुणी बोलत नाही.

क्लायंट कोचिंग क्लासवाला किंवा एडटेकवाला (ऑनलाइन शिकवणी देणारा) असेल तर एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची नियमावली आधीच वाचा. कमी गुण मिळालेल्याला अपयशी म्हणून रंगवायला तिथे मनाई आहे.

शूट झालंय, रफ कट (पहिली कच्ची जोडणी) उपदेश केल्यासारखा वाटतोय? आधी व्हॉइसओव्हर, म्हणजे दृश्यांवरचं निवेदन, काढून बघा. अर्ध्या वेळा दुखणं तिथेच असतं. मग शेवट बघा: पॅक शॉट, म्हणजे उत्पादन दाखवणारं शेवटचं दृश्य, आला की मुलाचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो का? दिसत असेल तर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कापा. चहा किंवा बिस्किटाने नोकरी लागत नाही, ते मुलाला माहीत आहे. उत्पादन त्याच्या सोबतीला असू द्या, तेवढं पुरे. रिशूट न करता एवढं एडिटवर होतं.

क्लायंटला दाखवण्याआधी आठ-दहा खऱ्या मुलांना लॅपटॉपवर फिल्म दाखवा. मत विचारू नका, भिडेपोटी छान म्हणतील. कितव्या सेकंदाला त्यांचा हात मोबाइलकडे जातो, तेवढं लिहून घ्या आणि त्या सेकंदापासून पुन्हा एडिटला बसा.