मार्चअखेरीपूर्वी सामायिक प्रिंटरची रांग लावून घेण्याची तयारी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेखा शाखेची देयके, आस्थापनेची वेतनपत्रके, भांडाराच्या याद्या आणि रोजच्या टपालाची पत्रे एकाच सामायिक प्रिंटरवर येऊन पडतात, आणि ३१ तारखेला दुपारनंतर आपली प्रिंट का येत नाही, हा प्रश्न सगळ्या टेबलांवरून एकाच वेळी विचारला जाऊ लागतो. यंत्र हळू चालते ही त्या वेळची खरी अडचण क्वचितच असते. कोणाचे काम आधी जावे आणि अडकलेले काम काढण्याचा अधिकार कोणाला असावा, हे आधी ठरलेले नसते, म्हणून खोळंबा होतो. त्यामुळे पुढील तयारी तिसऱ्या आठवड्यातच पुरी करावी. ती विंडोजवर चालणाऱ्या कार्यालयांना धरून लिहिली आहे.

सर्वप्रथम आपली रांग नेमकी कोठे आहे, ते शोधून काढावे. पुष्कळ कार्यालयांत प्रत्येक संगणकावर प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) घालून तो स्वतंत्रपणे जोडलेला असतो. तेव्हा जितके संगणक तितक्या रांगा तयार होतात आणि एका टेबलावरच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या टेबलावरून गेलेले काम पडद्यावर दिसतच नाही. आपल्या पुढे कोणीच नाही असे दिसत असूनही कागद बाहेर येत नाही, म्हणून तो तीच प्रिंट पुन्हा देतो, आणि थोड्या वेळाने दोन्ही प्रती बाहेर पडतात. हे टाळायचे असेल तर एका संगणकावर प्रिंटर जोडून तेथूनच तो सर्वांना शेअर करावा, म्हणजे रांग एकच राहते आणि ती सर्वांना दिसते. असा संगणक दिवसभर चालू राहणारा आणि यूपीएसवर असलेला निवडावा, त्याचा स्लीप मोड बंद करावा आणि त्याच्या सी ड्राइव्हवर भरपूर जागा मोकळी आहे ना, हे पाहावे. कारण स्कॅन केलेली कागदपत्रे रांगेत गेल्यावर मूळ फाइलीपेक्षा कितीतरी मोठी होतात. प्रिंटरचा आयपी पत्ताही कायमचा ठरवून घ्यावा. प्रिंटर चालू असूनही पडद्यावर 'ऑफलाइन' दिसत राहिला, तर पोर्टच्या (संगणक ज्या जोडणीतून प्रिंटरला काम पाठवतो तिच्या) सेटिंगमधील एसएनएमपी स्टेटसची, म्हणजे प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहण्याच्या सोयीची, खूण काढून पाहावी.

रांगेचा क्रम ठरवण्यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटणारी सोय म्हणजे एकाच प्रिंटरला त्या संगणकावर दोन नावांनी बसवणे. दोन्ही नावांचे पोर्ट एकच असते, मात्र प्राधान्य वेगळे देता येते. विंडोजमध्ये हे प्राधान्य १ ते ९९ असे असते आणि १ हे सर्वांत खालचे. म्हणून 'तातडीचे' या नावाला ९९ आणि 'नेहमीचे' या नावाला १ ठेवावे. येथे एक मर्यादा सर्वांना समजावून सांगावी: जे काम छापायला सुरुवात झालेली आहे, ते वरच्या प्राधान्याच्या कामासाठी मध्येच थांबत नाही, त्यामुळे शेकडो पानांची खतावणी एकदा सुरू झाली की तातडीच्या पत्रालाही ती संपेपर्यंत थांबावे लागते. यावर उपाय असा की मोठ्या कामांसाठी तिसरे नाव करावे आणि त्याची उपलब्धतेची वेळ कार्यालय सुटल्यानंतरची ठेवावी. दिवसा दिलेली कामे रांगेत जमा होतात आणि ठरलेल्या वेळी छापली जातात. तातडीच्या नावाचा वापर हुद्द्यावरून ठरवू नये, मुदतीवरून ठरवावा. कोषागारात त्याच दिवशी पोहोचायचे देयक हे वरिष्ठांच्या टिप्पणीपेक्षा आधी गेले पाहिजे, आणि हे कार्यालयप्रमुखांनी लेखी कळवलेले असले तर काउंटरवर वाद होत नाहीत.

परवानग्यांच्या बाबतीत, सामान्यतः प्रत्येकाला स्वतःचे काम रद्द करता येते, पण इतरांचे काढता येत नाही. ती रचना तशीच ठेवून 'मॅनेज डॉक्युमेंट्स' ही इतरांची कामे काढण्याची परवानगी दोन व्यक्तींना द्यावी, म्हणजे एक रजेवर असली तरी दुसरी हजर असेल.

कागदाच्या आकाराकडे दुर्लक्ष होते, पण रांग तुंबण्याचे ते फार मोठे कारण आहे. ट्रेमध्ये ए४ असतो आणि फाइल लेटर किंवा लीगल आकारात बनवलेली असते. प्रिंटर तो कागद मागत थांबतो आणि मागची सर्व कामे अडतात. प्रिंटरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'होल्ड मिसमॅच्ड डॉक्युमेंट्स' ही खूण केली, तर न जुळणारे तेवढे काम बाजूला राहते आणि बाकीची पुढे जातात. सर्व संगणकांवरील मूळ आकार ए४ करून घ्यावा, लीगल कागद वेगळ्या ट्रेत भरावा. टोनर आणि कागदाचा जादा साठा प्रिंटरजवळच ठेवावा.

काम अडकल्यास काय करायचे, ते छापून प्रिंटरशेजारी लावावे. आधी रांग उघडून सर्वांत पुढचे काम कोणते ते पाहावे आणि तेवढेच रद्द करावे. ते 'डिलीटिंग' असे दाखवत तसेच राहिले, तर प्रिंटरच्या पॅनेलवरूनही रद्द करावे, कारण कामाचा काही भाग यंत्राच्या मेमरीत पोहोचलेला असू शकतो. त्यानेही भागले नाही, तरच प्रिंट स्पूलर ही रांग सांभाळणारी विंडोजची सेवा थांबवून, विंडोजच्या सिस्टम३२ मधील स्पूल फोल्डरच्या आत असलेल्या प्रिंटर्स या फोल्डरमधील फाइली काढून सेवा पुन्हा सुरू करावी. या उपायाने सर्वांचीच थांबलेली कामे पुसली जातात, म्हणून त्यापूर्वी कोणाची कोणती कामे होती, ते उतरवून घेऊन संबंधितांना कळवणे आवश्यक आहे. संगणक नुसता बंद करून पुन्हा चालू केल्याने रांग रिकामी होत नाही. फाइली डिस्कवर राहतात आणि मागाहून छापल्या जातात.

वेतनपत्रके आणि गोपनीय अहवाल यांसाठी प्रिंटरमध्ये पिन टाकून प्रिंट घेण्याची सोय असेल, तर ती संबंधित शाखेला आधीच शिकवावी. काम पाठवणारा यंत्रासमोर येईपर्यंत ते काम थांबून राहते आणि कोणाच्याही हाती पडत नाही.

शेवटच्या आठवड्याआधी एका दुपारी प्रत्येक शाखेकडून तिन्ही नावांवर एकेक पान पाठवून क्रम अपेक्षेप्रमाणे लागतो का, ते तपासावे आणि एक चुकीच्या आकाराचे पानही मुद्दाम पाठवून पाहावे. नंतर रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी रांग उघडून 'तातडीचे' आणि 'नेहमीचे' या नावांवरची राहिलेली कामे काढून टाकावीत, आणि रात्रीच्या नावावर जमलेल्या पानांना पुरेल इतका कागद ट्रेत भरून ठेवावा.