नवे गोल्फ क्लब घेताना या चुका टाळा

नवा सेट घेणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठली कंपनी घेऊ? यंदाचं मॉडेल घेऊ की पुढच्या वर्षीपर्यंत थांबू? अमुक खेळाडू काय वापरतो? बॉल हवेत किती जातो, दहा फटक्यांत किती पसरतो, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबतो का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. सहा महिन्यांनी तोच सेट विकायला निघतो आणि खापर कंपनीवर फुटतं. खरं तर नावाजलेल्या कंपन्यांत आज कुणीच वाईट क्लब बनवत नाही. त्यामुळे नावावरून निवड करून हाती काहीच लागत नाही.

७ आयर्नच्या फटक्याच्या लांबीवर भाळणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. चाचणीसाठी सगळीकडे ७ आयर्नच (मधल्या पल्ल्याचा धातूचा क्लब; नंबर लहान तेवढा लांब मारणारा) ठेवलेलं असतं, ते दोन-चार वेळा मारलं जातं, स्क्रीनवर जुन्यापेक्षा पंधरा यार्ड जास्त दिसतात आणि तिथेच सौदा होतो.

हे प्रकरण पुढे कसं जातं ते एका नेहमीच्या उदाहरणावरून बघा. १८ हँडिकॅपचा, म्हणजे मध्यम दर्जाचा खेळाडू. जुनं ७ आयर्न १४० यार्ड कॅरी (हवेतलं अंतर) देतं, नवं १५४. आनंदीआनंद. आता दोन्ही क्लबांचे लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन) बघू. जुनं ७ होतं ३४ अंशांचं, नवं आहे २८.५ अंशांचं, वर शाफ्ट (दांडा) अर्धा इंच लांब. जुन्या सेटमधलं ६ आयर्न होतं ३०.५ आणि ५ आयर्न २७ अंशांचं. म्हणजे नव्या क्लबवर आकडा ७ चा कोरलाय, पण तो वागतो साडेपाचसारखा. फटका खरा वाढला नाही, नंबर सरकला.

खरी पंचाईत सेटच्या दोन टोकांना होते. जुना पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४७ अंशांचा होता, १०७ यार्ड जायचा. खाली ५६ अंशांचा सँड वेज ७८ यार्ड. मधली २९ यार्डांची फट तेव्हाही मोठीच होती. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३ अंशांचा, तो जातो १२० यार्ड. सँड वेज तोच. फट झाली ४२ यार्डांची, आणि नेमकी १०० यार्डांच्या आसपास, जिथून बऱ्याच वेळा मारावं लागतं. दर वेळी पिचिंग वेज अर्ध्या ताकदीने मारायचा आणि बॉल ग्रीनच्या अलीकडे किंवा पलीकडे शोधायचा. वरच्या टोकाला २० अंशांचं ४ आयर्न. या खेळाडूच्या स्विंगच्या वेगाला ते हवेत टिकतच नाही, कॅरी ५ आयर्नएवढाच येतो. नियमाने बॅगेत १४ क्लब मिळतात, त्यातला एक फुकट गेला.

कमी लॉफ्ट म्हणजे फसवणूक, असंही समजू नका. वजन खाली नेल्यामुळे आणि फेस पातळ केल्यामुळे हे क्लब कमी लॉफ्टमध्येही बॉल उंच काढतात. पण स्पिन कमी होतो. टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडू ७ आयर्नने साधारण ७००० आरपीएम (मिनिटाला फेरे) स्पिन देतात. या क्लबांवर तो आकडा बराच खाली आलेला दिसेल. उंची आणि स्पिन दोन्ही पुरेसं असेल तर बॉल ग्रीनवर ४५ अंशांच्या आसपास उतरतो आणि थांबतो. ३८ अंशांनी उतरला तर पुढे पळतो, आणि वाढलेले पंधरा यार्ड ग्रीनच्या मागच्या गवतात जातात. म्हणून आयर्न बघताना स्क्रीनवर आधी डिसेंट अँगल (बॉल उतरण्याचा कोन) वाचा, मग कॅरी.

उपाय किचकट नाही. कंपनीच्या तक्त्यातून दोन्ही सेटचे लॉफ्ट कागदावर उतरवून घ्या आणि नंबराशी नंबर लावण्याऐवजी लॉफ्टशी लॉफ्ट लावा. पिचिंग वेज पक्का झाल्याशिवाय बाकीचे वेज घेऊ नका. ४३ असेल तर ४८, ५३, ५८ असे पाच-पाच अंशांनी उतरा. वरच्या बाजूला लागोपाठच्या दोन क्लबांच्या कॅरीत आठ यार्डांहून कमी फरक पडत असेल, तर लांबचा काढा आणि तिथे हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्यामधला क्लब) घाला. ७ वुड (मोठ्या डोक्याचा क्लब) सुद्धा चालेल. त्याला नाक मुरडणारे लोक भरपूर आहेत, पण बॉल उंच जातो आणि ग्रीनवर थांबतो.

सर्वोत्तम फटका लक्षात ठेवणं

दुसरी चूक चाचणीचीच. जुना ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) दहा वेळा मारला: कॅरी १९६ ते २१८, डावी-उजवीकडचा पसारा ३८ यार्ड. नवा दहा वेळा मारला: एक फटका २३६, एक १७१, पसारा ६१ यार्ड. घरी जाताना डोक्यात काय राहतं? २३६. मैदानावर मात्र तो १७१ वालाही अधूनमधून येणारच आणि ६१ यार्ड रुंदीचा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) क्वचितच सापडेल.

त्यात भर म्हणून समोरचा विक्रेता किंवा फिटर (क्लब मापाने जुळवून देणारा) वाईट फटके यादीतून पुसून टाकतो. "हा धरू नका, तुमचा नीट लागला नव्हता." अहो, नीट न लागलेला फटकाच तर बघायचाय! चांगला लागलेला बॉल कुठल्याही क्लबने चांगलाच जातो. पैसे मोजायचे ते टो-कडे (डोक्याच्या बाहेरच्या टोकाकडे) किंवा हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) लागलेल्या बॉलसाठी. एकही फटका पुसू देऊ नका. फार तर बॉलला जेमतेम स्पर्श झालेला एखादा सोडून द्या.

चाचणीची रीत अशी ठेवा. पंधरा मिनिटं अंग मोकळं करा. मग आपला जुना क्लब दहा वेळा, नवा दहा वेळा, पुन्हा जुना पाच वेळा. शेवटचे पाच विसरू नका. त्यात जुन्याचाही आकडा वाढला असेल, तर सुधारणा क्लबची नव्हती, तुमचं अंग गरम झालं होतं. आकडा घसरला असेल तर तुम्ही थकलात, तिथेच थांबा. साठ-सत्तर बॉलनंतर वेग पडतोच, आणि त्या वेळी हातात असलेल्या बिचाऱ्या क्लबवर शिक्का बसतो. एका दिवसात सहा ड्रायव्हर मारून बघणाऱ्याला शेवटी रंगावरूनच निवडावं लागतं. दोन, फार तर तीन पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्या क्लबचे पहिले फटके बऱ्याचदा झकास लागतात, तो नवलाईचा भर असतो. दुसऱ्या दिवशी तो ओसरतो.

बॉल रोज खेळता तोच न्या. रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) बॉल झिजलेले असतात, कमी जातात आणि स्पिनचं चित्र बिघडवतात. मॅटवरही विश्वास ठेवू नका. बॉलच्या मागे एक इंच आदळलेला क्लब मॅटवरून घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि फटका बरा दिसतो. गवतावर तोच बॉल निम्म्यात पडला असता. त्यामुळे आयर्न आणि वेज एकदा तरी गवतावर मारल्याशिवाय घेऊ नयेत. बंद खोलीत फटका मोजणारा रडारचा मॉनिटर असेल तर बॉलवर धातूची टिकली चिकटवली आहे का ते विचारा. नसेल तर स्पिनचा आकडा बहुतेक अंदाजाचा असतो.

आणि क्लबच्या तोंडावर पायाला मारायचा पावडर स्प्रे हलकासा मारा. बॉल कुठे लागला त्याची गोल खूण उमटते. दहा खुणांचा पुंजका मध्यावर असेल तर ठीक. टो-कडे सरकला असेल किंवा सगळीकडे विखुरला असेल, तर स्क्रीनवरचे बाकीचे आकडे वाचायची घाई नको. स्प्रेच्या एका डब्यात जे कळतं, ते पानभर जाहिरातीत कळत नाही.

ड्रायव्हर: कमी लॉफ्ट, जास्त लांबी

९ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे मर्दानी, १२ अंशांचा म्हणजे म्हाताऱ्यांचा, हा समज कुठून येतो देव जाणे. ताशी ९० मैल वेगाच्या स्विंगला बहुधा १०.५ किंवा १२ अंशच लागतात. बॉल उंचच गेला नाही तर कॅरी कुठून येणार?

लांबीचंही तसंच. दुकानातला ड्रायव्हर ४५.५ ते ४५.७५ इंचांचा असतो, आणि त्याहून आखूड ड्रायव्हर वापरणारे टूर खेळाडू कमी नाहीत. पावडर मारून, ग्रिप एक इंच खाली धरून दहा बॉल मारा. खुणा मध्याकडे आल्या आणि सरासरी कॅरी तसाच राहिला, तर आखूड शाफ्ट मागवा. घरी करवतीने कापणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना जाणवणारं डोक्याकडचं वजन) सुमारे तीन अंक उतरतं, ते परत आणायला क्लबच्या डोक्यावर साधारण ६ ग्रॅम वजन वाढवावं लागतं. लेड टेप (शिशाची पट्टी) चालते. वजन न वाढवता कापलेला ड्रायव्हर हातात पोकळ लागतो, मग "आखूड ड्रायव्हर बेकार" असा निष्कर्ष निघतो.

शाफ्टवरचं अक्षर

आर (रेग्युलर), एस (स्टिफ), एक्स (एक्स्ट्रा स्टिफ) या शाफ्टच्या कडकपणाच्या अक्षरांना सर्व कंपन्यांचं मिळून एक असं मापच नाही. एकाचा स्टिफ दुसऱ्याचा रेग्युलर असू शकतो, दोन कंपन्यांच्या चपलांचे नंबर जुळत नाहीत तसंच. आधी वजन ठरवा, दहा-दहा ग्रॅमच्या फरकाने, आणि मग कडकपणा. मित्रासमोर एस दाखवायला मिळतो म्हणून एस घेणाऱ्याला उपाय नाही.

लाय अँगलकडे दुर्लक्ष

उजव्या हाताच्या खेळाडूचे आयर्न, विशेषतः वेज, सरळ स्विंग करूनही सतत डावीकडे जात असतील तर स्विंग मोडायच्या आधी लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) बघा. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसकडे करून बॉल ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. तो ग्रूव्हजना (फेसवरच्या आडव्या खाचांना) काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टो-कडे झुकलं तर क्लब जास्त उभा आहे, बॉल डावीकडे जाणार. हीलकडे झुकलं तर जास्त आडवा, बॉल उजवीकडे. एकेका अंशाने वाकवून पुन्हा तपासा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न सहज वाकतात. कडक स्टीलचे ओतीव आयर्न वाकवताना तुटूही शकतात, ते काम कार्यशाळेतच करून घ्या. मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप टाकून संगणकाने दिलेलं उत्तर ही फक्त सुरुवात. ठसा न बघता त्यावर ऑर्डर देणं हा आळशीपणा आहे.

बाकीच्या, थोडक्यात

सगळी बॅग एकाच कंपनीची हवी, हा हट्ट सोडा. नाइकीने २०१६ मध्ये क्लब बनवणं थांबवलं. त्यानंतर अमेरिकन खेळाडू ब्रूक्स कोएप्काने २०१७ ची यूएस ओपन जिंकली तेव्हा त्याच्याकडे ड्रायव्हर टेलरमेडचा, आयर्न मिझुनोचे आणि एक ३ आयर्न नाइकीचंच होतं. कराराचं बंधन नसलं की व्यावसायिकही असंच निवडतात.

वेजवरचा बाउन्स (क्लबच्या तळाचा, जमिनीत रुतू न देणारा कोन) वाचा. मऊ वाळू, मऊ जमीन किंवा वरून खोल येणारा स्विंग असेल तर १० ते १४ अंश, कडक जमिनीवर ४ ते ८. चकचकीत फिनिशने बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बॉल निघत नाही.

तीन महिने खेळून ब्लेड (पातळ डोक्याचे, चुका न झाकणारे) आयर्न मागणाऱ्यांनी आधी शिकवण्या घ्याव्यात. त्यांचा स्विंग वर्षभर बदलत राहणार, त्यामुळे आत्ता महागडा शाफ्ट निवडण्यात अर्थ नाही. लांबी, ग्रिप आणि लाय एवढंच जुळवून जुना, रुंद सोलचा (तळाचा) सेट वापरा.

ग्रिप धरल्यावर वरच्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप गरजेपेक्षा बारीक आहे, पोचतच नसतील तर जाड आहे.

पटर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) तेवढा दिसण्यावर घ्या, इथे माझी हरकत नाही. खाली बघितल्यावर तो सरळ ठेवलाय असं डोळ्यांना वाटलं नाही, तर बाकी सगळं व्यर्थ. मात्र लांबी मोजूनच घ्या: उभं राहिल्यावर डोळे बॉलच्या बरोबर वर किंवा किंचित आत यायला हवेत.

आलेला सेट न मोजणं

कारखान्यातून येणाऱ्या क्लबमध्ये एखाद्या अंशाचा फरक असणं नेहमीचंच. एक क्लब एक अंश कमी आणि शेजारचा एक अंश जास्त आला, की चार अंशांची फट दोन किंवा सहा अंशांची होते. मग "माझं ८ आणि ९ सारखंच जातं" ही तक्रार सुरू. सेट हाती आला की लॉफ्ट-लाय मशीनवर प्रत्येक क्लब मोजून घ्या, आकडे लिहून ठेवा आणि चुकलेले वाकवून घ्या. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, त्यामुळे वेजच्या बाबतीत एक-दोन अंशांपलीकडे जाऊ नका. त्याहून मोठा फरक निघाला तर क्लब परत पाठवा.