वाड्याच्या ओसरीवर घरच्यांचा फोटो

दिवाळीत सगळे गावच्या वाड्यात जमले की ग्रुप फोटो हमखास दिंडी दरवाजासमोर निघतो, तोही भर उन्हात. मग डोळे बारीक होतात आणि टोपीची सावली नाकापर्यंत येते. त्याऐवजी सगळ्यांना आत घ्या. चौसोपी वाड्याच्या चौकात आकाशातून उतरणारा उजेड समोरून ओसरीवर येतो, तो मऊ असतो आणि चेहऱ्यावर सारखा पसरतो. स्टुडिओत यासाठी मोठमोठ्या छत्र्या लावाव्या लागतात.

वेळ सकाळी आठ ते साडेनऊ किंवा दुपारी साडेचारनंतरची धरा. चौकात ऊन नसावं, आकाश मात्र लख्ख असावं. माणसं खांबांच्या ओळीपासून दोनेक फूट आत बसवा. त्याहून मागे, माजघराच्या दाराशी नेलीत तर उजेड कमी पडतो. ओसरीसमोर चौकात एक धुवट पांढरी चादर अंथरा. तिच्यावरून उजेड खालून वर फेकला जातो आणि पदराखालचा, टोपीखालचा अंधार उजळतो. हा उपाय फुकटचा आहे, पण फरक पहिल्याच फोटोत दिसतो.

ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर येतो. फ्लॅशही नको. तेलपाणी केलेल्या सागवानी खांबावर त्याचा पांढरा डाग पडतो.

खांबांकडे नीट लक्ष द्या, कारण फोटो बिघडतो तो बहुधा तिथेच. ओसरीचं जोतं दोन-अडीच फूट उंच असतं. चौकात उभं राहून फोटो काढला की कॅमेरा वर कलतो आणि खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, वाडा मागे रेलल्यासारखा दिसतो. स्टुलावर चढा किंवा ट्रायपॉड उंच करा. कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि अगदी समपातळीत हवा. स्क्रीनवर ग्रिड चालू करून दोन्ही टोकांचे खांब उभ्या रेषांशी ताडून पाहा. तुळई कापली जात असेल तर कॅमेरा वर करू नका, चार पावलं मागे जा. आणि कुणाचा चेहरा खांबाआड जाऊ देऊ नका: दोन खांबांमधल्या एका खणात तीन-चार माणसं, खांब दोन गटांच्या मधोमध.

दोन ओळींसाठी सेटिंग साधारण असं: अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) ८००. एफ/१.८ वर, म्हणजे भोक जास्त उघडं असताना, मागची ओळ धूसर येऊ शकते. फोकस पुढच्या ओळीतल्या मधल्या माणसाच्या डोळ्यांवर ठेवा. मागचं लाकूड काळपट असल्यामुळे कॅमेरा फसतो, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वाढवतो आणि पांढऱ्या टोप्या, सदरे नुसते पांढरे ठिपके होतात. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -०.३ ते -०.७ द्या आणि टोपीच्या कापडाची घडी दिसते का ते मोठं करून तपासा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. मोबाइलची ०.५ एक्स लेन्स टाळा, तिने कडेच्या काकू उगाच रुंद होतात.

आजी-आजोबांना पाटावर किंवा खुर्चीवर मध्ये बसवा, मुलं पायरीवर, बाकीचे मागे उभे. आठ माणसं असतील तर निदान बारा फोटो काढा, एक-दोघांचे डोळे मिटतातच. सगळ्यांना आधी डोळे मिटायला सांगून ‘तीन’ म्हटल्यावर उघडायला लावलं की हे प्रमाण बरंच कमी होतं. आजी मात्र सगळ्यात आधी थकतात, तेव्हा बाकीची मांडामांड पूर्ण झाल्यावरच त्यांना बोलवा.

चौकटीत दोन्ही कडांना हातभर जागा सोडा. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो ८×१२ इंची प्रिंटवर पूर्ण येतो, पण ८×१० वर लांबीचा सहावा हिस्सा कापला जातो, आणि कडेला उभा असतो तो नेमका नवा जावई.