संग्राह्य घड्याळ घेताना: माप आणि किंमत यांतील या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या कारखान्यात) मी एकोणीस वर्षे तपासणी विभागात काढली आणि त्यामुळे व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे उपकरण) लावल्याशिवाय कोणत्याही वस्तूच्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय अंगात मुरली. जुनी मनगटी घड्याळे जमवण्याचा नाद त्याहूनही जुना आहे. हे दोन्ही ठाऊक असल्यामुळे दर रविवारी कोणी ना कोणी घड्याळ घेऊन माझ्या घरी येतो, खिशातून ते काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "बरोबर घेतलंय ना?" घड्याळ तोवर विकत घेऊन झालेले असते. हाच प्रश्न पैसे देण्याआधी विचारला गेला असता तर पुढचा मजकूर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

व्यासाचा आकडा वाचून माप ठरवणे

जाहिरातीत ४० मि.मी., ४२ मि.मी. असे जे लिहिलेले असते ते चावी वगळून केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, रुंदीचे माप असते. घड्याळ मनगटावर बसेल की नाही, हे त्यावरून अर्धेच कळते. उरलेले अर्धे कळते ते लगांवरून. पट्टा ज्या चार शिंगांमध्ये अडकवला जातो त्यांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या वरच्या सपाट भागापेक्षा जास्त झाले, की घड्याळ दोन्ही कडांनी बाहेर येते, पट्टा मनगटाला बिलगण्याऐवजी सरळ खाली पडतो आणि मध्ये करंगळी जाईल एवढी फट राहते.

माझ्या भाच्याने स्वतःच्या लग्नाच्या स्वागत समारंभासाठी असेच एक घड्याळ मागवले होते. व्यास ४२ मि.मी., म्हणजे कागदावर अगदी सर्वसाधारण. भाच्याच्या मनगटाचा घेर १६ सेंटिमीटर आणि वरचा सपाट भाग जेमतेम ४८ मि.मी. त्या घड्याळाची लगांची लांबी मी नंतर मोजली तेव्हा ती ५१ मि.मी. भरली. गंगापूर रोडवरच्या त्या कार्यालयात तो तीन तास आहेराची पाकिटे घेत उभा होता आणि दर पाच मिनिटांनी मनगटाच्या बाजूला घसरलेले घड्याळ उजव्या हाताने वर ओढत होता. छायाचित्रांच्या अल्बममध्ये निम्म्या पानांवर त्याचा उजवा हात डाव्या मनगटावर आहे. पुढच्या रविवारी मी त्याला माझ्याकडचे सेको या जपानी कंपनीचे एसकेएक्स ००७ घालायला दिले. ते नीट बसले. "मामा, हे लहान आहे ना?" असे त्याने विचारल्यावर मी त्याच्या हाती व्हर्नियर दिला. त्या घड्याळाचा व्यास ४२.५ मि.मी. आहे, म्हणजे त्याच्या घड्याळाहून अर्ध्या मिलिमीटरने मोठाच. मात्र लगांची लांबी ४६ मि.मी. आहे आणि लग खाली वळलेले आहेत. सारा फरक त्या पाच मिलिमीटरांत होता.

माझी पद्धत साधी आहे. कागदावर हात पालथा ठेवून मनगटाच्या दोन्ही कडांना पेन्सिलीने खुणा कराव्यात, त्यांमधील अंतर मोजावे आणि मनगट कडांना गोलाई घेते म्हणून त्यातून पाच-सहा मिलिमीटर वजा करावेत. उरलेला आकडा ही लगांच्या लांबीची कमाल मर्यादा समजावी. विक्रेत्याने लगांचे माप दिले नसेल तर ते मागावे, आणि "सगळ्यांना बसते" असे उत्तर आले तर तो व्यवहार तिथेच सोडावा. माप मिळाल्यावर मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून तेवढ्या लांबी-रुंदीचा तुकडा कापतो आणि तो दोऱ्याने मनगटावर बांधून दिवसभर वावरतो. घरचे हसतात, पण या पद्धतीने घेतलेले एकही घड्याळ मला परत विकावे लागलेले नाही.

मोबाइलवर मनगटाचे छायाचित्र काढून त्यावरून निर्णय घेणाऱ्यांची तर कमालच वाटते. मोबाइल जवळ धरला की समोरची वस्तू आहे त्यापेक्षा मोठी दिसते, हे मोबाइलवर स्वतःचे नाक पाहिलेल्या कोणालाही माहीत असते. घड्याळ घालून आरशासमोर सहा फुटांवर उभे राहावे. इतरांना ते तसे दिसणार असते.

चौकोनी घड्याळांचे गणित निराळे असते. ३४ मि.मी. बाजू असलेल्या चौकोनी घड्याळाचे क्षेत्रफळ जवळपास ३८ मि.मी. व्यासाच्या गोल घड्याळाएवढे भरते आणि त्याचा कर्ण ४८ मि.मी. होतो. "३४ म्हणजे बायकांचे" असे म्हणून ते बाजूला सारणाऱ्यांनी एकदा ते हातावर ठेवून पाहावे. कडेची पट्टी अरुंद आणि तबकडी फिकट असेल तर घड्याळ मोठे भासते, कड रुंद आणि तबकडी काळी असेल तर लहान भासते. स्टीलची साखळी असेल तर तिची पहिली कडी लगापाशी लगेच खाली वळते की काही अंतर आडवी राहते, हेही पाहावे. ती आडवी राहत असेल तर तेवढी लांबी लगांत मिळवावी.

जुने घड्याळ लहान असते म्हणून नाके मुरडणाऱ्यांसाठी मी फार शब्द खर्च करणार नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पुरुषांची घड्याळे साधारण ३३ ते ३६ मि.मी.ची असत. माझ्याकडची एचएमटी जनता ३५ मि.मी.ची आहे, आणि नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या भक्कम मनगटांवर तशी घड्याळे तीस-तीस वर्षे शोभली आहेत. रोलेक्सचे डेटजस्ट आजही ३६ मि.मी.मध्ये मिळते.

पाठ न उघडता किंमत मान्य करणे

या चुकीची फी मी स्वतः भरलेली आहे.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झाला. २०१४ मध्ये तो व्यवसाय बंद होणार अशी बातमी आली, २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि ज्या घड्याळांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांना अचानक भाव आला. भाव आला की माल तयार होतो. भंगारातून सुटे भाग जमवून, तबकड्या नव्याने रंगवून आणि केसला पॉलिश मारून "जुना, न वापरलेला साठा" बाजारात येऊ लागला, आणि त्याच सुमारास मला काळ्या तबकडीचे एचएमटी पायलट हवे होते.

एका संध्याकाळी एका विक्रेत्याचा फोन आला. दुसरे गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार आहे, असे त्याने सांगितले आणि एकोणीस वर्षे इतरांनी घडवलेले भाग तपासून नाकारणारा मी दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते घड्याळ पाहून साडेपाच हजार रुपये मोजून आलो. घड्याळ चालू होते, चकाकत होते, कानाला लावले तर टिकटिक खणखणीत होती. मी पाठ उघडायला सांगितली नाही, कारण मला ती उघडायची नव्हती. हवी असलेली वस्तू समोर आली की माणूस स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो.

चौथ्या दिवशी घड्याळ बंद पडले. रविवार कारंज्याजवळ ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षे घड्याळे नेतो त्या काकांनी डोळ्याला भिंग लावले, पाठ काढली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी मशीन केसमधून बाहेर काढून माझ्यापुढे धरले. तबकडीच्या मागे दोन बारीक खुंट असतात, ते मशीनच्या छिद्रांत बसतात आणि बाजूच्या स्क्रूने पकडले जातात. या तबकडीचे दोन्ही खुंट कापून टाकलेले होते आणि ती चिकटपट्टीवर बसवलेली होती. घाम आणि उष्णता यांनी चिकटपट्टी सैल झाली, तबकडी केसभर सरकली, मधल्या छिद्राची कड तासकाट्याच्या नळीला घासू लागली आणि घड्याळ थांबले. मशीनचा एक पूल (चाके जागेवर धरणारी पट्टी) बाकीच्यांपेक्षा वेगळ्या चकाकीचा होता, तीन स्क्रूंच्या खाचा पेचकसाने चिरडलेल्या होत्या. "साहेब," काका म्हणाले, "हे तीन घरांतून माधुकरी मागून आणलेलं ताट आहे."

भिंगाखाली मी स्वतः तबकडी पाहिली तेव्हा सारे दिसत होते. अक्षरांच्या कडा शाई पसरल्यासारख्या, मिनिटांच्या रेघा अंकांच्या बरोबर समोर न येता किंचित तिरक्या, आणि तबकडीवरचा अंधारात चमकणारा रंग ताजा हिरवा असताना काट्यांवरचा मात्र पिवळसर पडलेला. एकाच वयाच्या दोन भागांवर काळ वेगवेगळ्या गतीने जात नाही. दहा पट दाखवणारे भिंग तीनशे रुपयांना मिळते. माझ्या खिशात ते त्या संध्याकाळीही होते.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्याखेरीज किंमत बोलत नाही. पाठ उघडून मशीन पाहायचे आणि दूरच्या विक्रेत्याकडून त्याचे दिवसाच्या उजेडातले छायाचित्र मागवायचे. मशीनवरचा क्रमांक त्या घड्याळाला साजेसा आहे का, हे पाहायचे. आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार असेल तर येऊ द्यावे. त्या गिऱ्हाइकाला मी अजून एकदाही भेटलेलो नाही.

जुन्या सेको ५ (सेकोची आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळांची मालिका) च्या बाबतीत पडताळणी आणखी सोपी आहे. केसच्या पाठीवर असलेल्या क्रमांकाचे पहिले चार अंक मशीनचे असतात, उदाहरणार्थ ७००९ किंवा ६३०९, आणि तेच चार अंक तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांतही आढळतात. पुढचे अंक पाठीवर वेगळे आणि तबकडीवर वेगळे असू शकतात, त्यात दोष नाही. नवशिके नेमके त्यावरच वाद घालत बसतात आणि पहिले चार अंक तपासत नाहीत. अनुक्रमांकाचा पहिला अंक हा उत्पादनवर्षाचा शेवटचा अंक असतो व दुसरा महिन्याचा. दशक मॉडेलवरून ओळखावे लागते. नारिंगी, पोपटी, आकाशी अशा नव्याने रंगवलेल्या भडक तबकड्यांची, नव्या कोऱ्या दिसणारी सेको ५ घड्याळे जगभरचे संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणून ओळखतात. ती स्वस्तात, हौस म्हणून घ्यायला माझी हरकत नाही. मूळ घड्याळाच्या भावाने घेऊ नयेत.

मागितलेल्या किमतीला बाजारभाव समजणे

विक्रेता जे मागतो ती त्याची इच्छा असते. प्रत्यक्ष किती रुपयांना व्यवहार झाला, तो भाव. मी एक वही ठेवली आहे आणि ओळखीतल्या लोकांनी खरोखर मोजलेले पैसे तारीख आणि घड्याळाच्या स्थितीसह तिच्यात लिहितो. चार-पाच नोंदी झाल्याशिवाय त्या मॉडेलवर बोली लावत नाही. त्या भावातून मी सर्व्हिसिंगचा खर्च नेहमी वजा करतो, कारण न वापरलेल्या घड्याळातलेही तेल वर्षानुवर्षांत सुकतेच. समजा, वहीप्रमाणे एखादे घड्याळ चांगल्या स्थितीत चार हजारांना जाते, सर्व्हिसिंगला आठशे, काचेला दोनशे आणि बऱ्या पट्ट्याला पाचशे लागणार असतील, तर माझ्या लेखी ते अडीच हजारांचे घड्याळ आहे. विक्रेत्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. घासाघीस करताना आवाज चढवण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो, आणि घड्याळ न पाहताच "फायनल काय?" असे विचारणाऱ्या मंडळींपासून आपण वेगळे आहोत हेही त्याला कळते.

काही दोष पैशांनी भरून येत नाहीत. पितळी केसवरचा मुलामा घामाने खाल्ला जाऊन खड्डे पडले असतील तर पॉलिशने ते जात नाहीत, फक्त लगांच्या धारदार कडा गोल होतात. तबकडी डागाळलेली पण मूळ असेल तर मी ती रंगवलेल्या तबकडीपेक्षा नेहमी वरची मानतो.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. "सेल टाकला की चालू होईल" असे सांगितलेले क्वार्ट्झ घड्याळ सेल टाकून चालू करून दाखवल्याशिवाय घेऊ नये. गळलेल्या सेलने आतले सर्किट खाल्लेले असते. घड्याळ दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुढे जात असेल तर आधी मशीन उघडू नये, होकायंत्राजवळ धरून पाहावे; सुई हलली तर मोबाइलच्या कव्हरमधल्या चुंबकाचा तो प्रताप असतो आणि घड्याळदुरुस्तीवाले काका ते चुंबकत्व क्षणात घालवतात. तारखेचे जुने घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख हाताने बदलू नये, दात मोडतात. पाठीवर "वॉटर रेझिस्टंट" कोरलेले असले तरी चाळीस वर्षांच्या रबरी कड्यावर विसंबून रामकुंडात हात बुडवू नये. चावी देताना अडथळा जाणवला की थांबावे.

तो पायलट अजून माझ्याकडे आहे. काकांनी तासकाट्याभोवतीचे छिद्र किंचित मोकळे केले आणि तबकडी पुन्हा बसवली, त्यामुळे आता तो दिवसाला दीड-दोन मिनिटे मागे पडत चालतो. भाचा सध्या त्यालाही एखादे पायलट शोधून द्या म्हणून मागे लागला आहे. मी त्याला आधी हेच घड्याळ, भिंग आणि पाठ उघडायचे अवजार एकत्र देतो आणि यात काय काय खोटे आहे ते सांग म्हणतो. गेल्या रविवारपर्यंत त्याला चारपैकी तीन दोष सापडले होते.